भट्टीसमोरचा स्वभाव

‘वाचक विचारतात’ या सदरात या वेळी एकाच विषयावरची पत्रे घेतली आहेत. विषय आहे ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ ही ब्रिटनमधील दूरचित्रवाणीवरील स्पर्धा. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती आधी देते. ही स्पर्धा ऑगस्ट २०१० मध्ये बीबीसी टू या वाहिनीवर सुरू झाली, २०१४ मध्ये बीबीसी वनवर गेली आणि २०१७ पासून ती चॅनल फोरवर आहे. भाग घेणारे सगळे हौशी असतात आणि ते एका मोठ्या पांढऱ्या तंबूत भाजकाम करतात. प्रत्येक भागात तीन फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत स्पर्धकाने स्वतःच्या हातखंड्याचा पदार्थ करायचा असतो. दुसऱ्या, म्हणजे ‘टेक्निकल’ फेरीत पदार्थ कोणता ते आयत्या वेळी कळते आणि हाती अर्धवट कृती मिळते. तिसरी फेरी ‘शोस्टॉपर’ या नावाची, दिपवून टाकणाऱ्या पदार्थाची. दर आठवड्याला साधारणपणे एक जण घरी जातो. शेवटी उरलेल्या विजेत्याला रोख रक्कम मिळत नाही. केक ठेवण्याचे कोरीव काचेचे तबक आणि फुलांचा गुच्छ मिळतो.

प्रश्न : मी आणि माझी सून ही स्पर्धा एकत्र पाहतो आणि दर वेळी आमचे वाजते. तिचे म्हणणे असे की, ज्याचा चेहरा बिचारा आणि डोळे भरलेले, तोच शेवटी जिंकतो; २०१५ ची नादिया हुसैन आणि २०१८ चा राहुल मंडल ही तिची ठरलेली उदाहरणे. मी म्हणते, ज्याचा हात चांगला तोच जिंकतो. खरे कोणाचे?
— एक वाचिका, चिपळूण

उत्तर : सूनबाईंची दोन्ही उदाहरणे खरी आहेत, पण त्या दोघांच्या आगेमागे जिंकलेल्यांकडे पाहिले तर त्यांचा सिद्धान्त टिकत नाही. २०१७ ची विजेती सोफी फाल्डो ही लष्करातील माजी अधिकारी. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली असेल तर ती शोधून काढावी लागेल. २०१४ च्या विजेत्या नॅन्सी बर्टव्हिसल या नातवंडे असलेल्या निवृत्त बाई. परीक्षक पॉल हॉलीवूड यांचा उल्लेख त्यांनी सरळ ‘पुरुष परीक्षक’ असा केला होता, इतपतच त्यांना त्यांचा धाक होता. २०२० मध्ये जिंकलेला एडिनबराचा पीटर सॉकिन्स अवघा वीस वर्षांचा आणि कायम हसतमुख. २०१३ च्या फ्रान्सिस क्विन यांना तर परीक्षकांनी अनेकदा बजावले होते की, तुमचा पदार्थ दिसतो सुरेख, पण चव दिसण्याच्या मागे पडते. त्या मुलांच्या कपड्यांच्या आरेखनकार होत्या आणि केकही त्याच नजरेने आखत असत. शेवटी चव दिसण्याच्या बरोबरीला आली आणि त्या जिंकल्या. या सगळ्यांत बिचारे कोणीच नाही.

शिवाय ‘टेक्निकल’ फेरीत चेहऱ्याचा उपयोगच होत नाही. पदार्थ होत असताना परीक्षक तंबूत नसतात. नंतर ते येतात तेव्हा सगळ्यांचे पदार्थ एका लांब टेबलावर ओळीने मांडलेले असतात आणि कोणता कोणाचा हे त्यांना ठाऊक नसते. स्पर्धक समोर स्टुलांवर बसून कपाळाला आठ्या घालतात तेवढाच काय तो सुगावा.

तरीही तुमचे म्हणणे मी पुरते मान्य करणार नाही, कारण नुसत्या चांगल्या हातानेही ही स्पर्धा जिंकता येत नाही. नादियाचेच पाहा. तीन मुलांची आई, आईवडील बांगलादेशातून ब्रिटनमध्ये आलेले, मोठी झाली लूटनमध्ये. सुरुवातीच्या काही आठवड्यांत तिचे काम इतके डगमगते होते की, ती अंतिम फेरीत असेल असे पैजेवर सांगणारा विरळा. पेस्ट्रीच्या (म्हणजे लोणी घातलेल्या पिठाच्या पदार्थांच्या; आपल्याकडे केकच्या तुकड्याला पेस्ट्री म्हणतात ती नव्हे) आठवड्यात तिची घड्याळाशी झालेली झटापट ज्यांनी पाहिली, त्यांना तिच्या भुवया अजून आठवत असतील. पण अंतिम फेरीत तिने काय केले ते लक्षात घ्या. तिच्या बांगलादेशातल्या लग्नात केक नव्हता, म्हणून तिने स्वतःच्या लग्नाचा केक करायचे ठरवले. खाली लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगांची साडी गुंडाळली, वर लग्नातले दागिने घातले, आणि आत मात्र लिंबाच्या पाकात मुरवलेला साधा, इंग्रजी घरांत नेहमी होणारा केक ठेवला. सूनबाईंना यात भावना दिसली असेल, आणि ती होतीच. मला त्यात हिशेबही दिसतो. जो केक हातात मुरलेला आहे तो आत, आणि वेळ खाणारी कलाकुसर बाहेर, जिथे चूक झाली तरी चव बिघडत नाही. पुढच्याच वर्षी राणी एलिझाबेथ यांच्या नव्वदाव्या वाढदिवसाचा केक तिने केला, तोही संत्र्याच्या पाकाचा.

राहुल मंडलची गोष्ट वेगळी आहे. हा कोलकात्याकडचा मुलगा पीएच.डी.साठी इंग्लंडला गेला आणि रॉदरहॅम येथील संशोधन केंद्रात काम करू लागला. त्याचा विषय सूक्ष्म मोजमापाचा. आता पेस्ट्रीला लागते ते नेमके मोजमापच, म्हणजे ग्रॅम, अंश आणि मिनिटे. घाबरलेला असे तो त्याचा चेहरा; हात घाबरलेले नसत. अंतिम फेरीच्या दिवशी तंबूत इतके उकडत होते की, त्याची काचेची बरणी फुटून टेबलभर काचा झाल्या आणि ते आवरण्यासाठी त्याला पंधरा मिनिटे वाढवून द्यावी लागली. त्यावर ब्रिटनमध्ये बरीच कुरबुर झाली. माझ्या मते ती अनाठायी होती, कारण काचेचे कण असलेले पदार्थ परीक्षकांनी खावेत असे कोणीच म्हणणार नाही.

तेव्हा तुमच्या घरच्या वादात मी दोघींनाही अर्धे गुण देते. परीक्षक गुण देतात ते पदार्थाला, पण पदार्थ बिघडत असताना माणूस काय करतो ते त्याच्या स्वभावावर ठरते, आणि पेस्ट्रीत पदार्थ बिघडण्याची वेळ वारंवार येते. ती का येते, याचे उत्तर पुढच्या पत्रात आहे.

प्रश्न : मी निवृत्त अभियंता आहे. पफ पेस्ट्री म्हणजे एक पातळ पोळी लाटायची, लोणी लावायचे, घडी घालायची, पुन्हा लाटायची. यात जगाने तोंडात बोट घालावे असे काय आहे? आमच्या घरी दिवाळीत चिरोटे होतात, त्यांना किती पदर सुटतात ते त्या परीक्षकांनी येऊन पाहावे.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपण अजाणता नेमक्या जागेवर बोट ठेवले आहे. चिरोट्याचा साटा आणि फ्रेंच पफ पेस्ट्रीतले लोणी यांचे तत्त्व एकच : पिठाच्या दोन थरांमध्ये स्निग्ध थर ठेवायचा, म्हणजे आच लागल्यावर ते थर एकमेकांना न चिकटता सुटे होतात. फरक आहे तो प्रमाणात आणि तापमानात. साट्यात तूप तांदळाच्या पिठीबरोबर फेसलेले असते, त्यामुळे ते जागेवर बसते आणि आपण लाटीला निर्धास्त हात लावतो. पफ पेस्ट्रीत लोण्याची अख्खी लादी पिठात गुंडाळतात. तीन पदरी घडी एकूण सहा वेळा घातली की, लोण्याचे ७२९ थर होतात (अभियंत्यांना तीनचा सहावा घात मी सांगायला नको). हे थर अखंड राहण्यासाठी लोणी वाकण्याइतके मऊ पण वितळणार नाही इतके गार असावे लागते. फार गार असेल तर ते आतल्या आत तुटते. ऊब लागली तर पिठात जिरते, आणि मग पदर सुटण्याऐवजी खुसखुशीत बिस्किटासारखे काहीतरी हाती येते. साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सियसला लोणी वितळते, म्हणजे तळहाताची ऊबसुद्धा त्याला पुरेशी त्रासदायक आहे. भट्टीत गेल्यावर लोण्यातल्या आणि पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि ती प्रत्येक थर उचलते.

दोन घड्यांच्या मध्ये पीठ शीतकपाटात ठेवून विसावू द्यावे लागते, नाहीतर ते रबरासारखे आक्रसते. घरी आपण तेवढ्या वेळात भाजी निवडतो. तंबूत मात्र घड्याळ टकटकत असते, शेजारचा पुढे गेलेला दिसतो आणि समोर कॅमेरा घेऊन कोणीतरी ‘कसे वाटते आहे’ असे विचारत असते. अशा वेळी वीस मिनिटे हात बांधून स्वस्थ बसणे ज्याला जमते त्याचे पदर सुटतात. ज्याला जमत नाही तो पीठ दहाव्या मिनिटालाच बाहेर काढतो, आणि भट्टीतून खाली वाहणारे लोणी आपल्याला पडद्यावर दिसते. मी स्वभाव म्हणते तो हा, म्हणजे रडणे किंवा हसणे नव्हे. पाककृतीच्या पुस्तकात त्याची नोंद नसते, पण पदार्थात तो उतरतो.

शू पेस्ट्रीचेही तसेच. ती म्हणजे आपली उकडच : पाणी आणि लोणी उकळायचे, त्यात पीठ एकदम ओतून गोळा होईपर्यंत घोटायचे. मोदकाच्या उकडीत पुढे तुपाचा हात लावून मळतात, इथे थोडे निवल्यावर एकेक अंडे मिसळतात. भट्टीत आतल्या वाफेने ती फुगते आणि पोकळ होते. पण कवच घट्ट होण्याआधी दार उघडले तर ती बसते आणि मग कितीही भाजली तरी उठत नाही. माझे पहिले एक्लेअर (याच पिठाचा, आत क्रीम भरलेला लांबट पदार्थ) मी याच घाईने गमावले होते. दोनदा दार उघडून पाहिले आणि ताटात काढली तेव्हा ती चपटी, चामड्यासारखी झाली होती. घरातल्यांनी ती साखर लावून, काही न बोलता खाल्ली. भाजीत मीठ जास्त झाले तर बटाटा घालता येतो, आमटी पातळ झाली तर आटवता येते. भट्टीत गेलेल्या पदार्थाला मात्र नंतर काही करता येत नाही, आणि म्हणूनच भट्टीच्या काचेसमोर जमिनीवर मांडी घालून बसलेले स्पर्धक आपल्याला दर भागात दिसतात.

चॉकलेट त्याहून लहरी. काळे चॉकलेट साधारण ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवून, २७–२८ अंशांपर्यंत उतरवून, पुन्हा ३१–३२ अंशांवर आणले तरच ते चकाकते आणि मोडताना कटकन आवाज करते. उन्हाळ्यात तंबूचेच तापमान त्या आसपास गेले तर काय करणार? हा बिचाऱ्या स्पर्धकाचा दोष नाही, पण गुण त्याचेच जातात.

कानाचेही एक कौशल्य असते. २०१६ च्या स्पर्धेतल्या व्हॅल स्टोन्स या आजीबाई केक कानाशी धरून ऐकत आणि तो गात असेल तर अजून झालेला नाही असे सांगत. प्रेक्षकांना ती गंमत वाटली. चकली तळताना बुडबुडे आणि आवाज कमी झाला की चकली झाली, हे ज्यांना माहीत आहे त्यांना ती वाटणार नाही. आत ओल असेल तोवर चुरचुर चालू राहते, एवढेच ते गाणे.

प्रश्न : २०१४ मध्ये एका स्पर्धकाचे आइस्क्रीम दुसऱ्या बाईंनी फ्रीझरबाहेर काढून ठेवले आणि त्यामुळे तो बाद झाला, असे वाचले. हा सरळसरळ अन्याय नाही का? आणि अशा प्रसंगी माणसांचे खरे स्वभाव बाहेर येतात असे आपल्याला वाटते का?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : प्रसंग असा. ‘बेक्ड अलास्का’ करायचे होते. त्यात केकवर आइस्क्रीम ठेवून, ते मेरिंगने, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या गोड फेसाने, पूर्ण झाकतात आणि भट्टीत ठेवतात. वरचा फेस भाजला जातो आणि आतले आइस्क्रीम गोठलेलेच राहते. दिवस उकाड्याचा होता. इयान वॉटर्स या स्पर्धकाचे आइस्क्रीम फ्रीझरबाहेर निघाले, त्याने ते पाहिले, संतापून सगळा पदार्थ कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि परीक्षकांसमोर तो डबाच नेऊन ठेवला. त्याला घरी जावे लागले. बीबीसीकडे आठशेहून अधिक तक्रारी गेल्या आणि ज्या बाईंवर ठपका आला त्यांना लोकांनी समाजमाध्यमांवर नको नको ते ऐकवले. नंतर पॉल हॉलीवूड यांनी जाहीरपणे लिहिले की, आइस्क्रीम चाळीस सेकंद बाहेर होते आणि इयानचे नुकसान त्याने झाले नाही. त्याने पदार्थ डब्यात टाकला, याने झाले.

मला परीक्षकांचे म्हणणे पटते. आइस्क्रीम नीट गोठले नव्हते हे उघड आहे, पण वितळलेल्या अलास्कालाही केकचे, फेसाचे, चवीचे गुण मिळतात. डब्याला कशाचे गुण द्यायचे? बिघडलेला पदार्थही मान वर करून पुढे ठेवणे हा या खेळाचा अलिखित नियम आहे, आणि जुने प्रेक्षक त्यालाच सर्वांत जास्त मान देतात.

आपला दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पडद्यावर दिसतो तो स्वभाव खरा असतो, पण तो निवडलेला असतो. दोन दिवसांच्या चित्रीकरणातून तासाभराचा भाग कापून काढतात, त्यात बारा जणांची वाटणी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटे येतात. त्या मिनिटांत कोणाची भुवई दाखवायची आणि कोणाचे हात, हे स्पर्धक ठरवत नाही. चाळीस सेकंदांचा प्रसंग आपल्याला किती लांबलेला वाटला, याचा विचार केला तर माझे म्हणणे ध्यानात येईल.

आणि कधी कधी तर संकलकालाही दोष देता येत नाही, कारण उरलेले काम प्रेक्षक आणि वर्तमानपत्रे करतात. २०१३ च्या अंतिम फेरीतली रूबी टँडो ही तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी. ती दर आठवड्याला आपला पदार्थ फसला असे म्हणे आणि तो बहुधा उत्तम निघे. यावरून ती नाटकी आहे, ती रडून सहानुभूती मिळवते, ती परीक्षकाशी लाडीगोडी करते, असे कितीतरी लिहिले गेले. तिने त्याला ‘गार्डियन’मध्ये लेख लिहून सडेतोड उत्तर दिले. त्या वर्षी अंतिम फेरीत तिघी बायकाच होत्या, हे लक्षात घेतले तर त्या टीकेत पेस्ट्री किती आणि इतर काय किती होते हे कळते. चेहऱ्यावरची शंका हे कौशल्याच्या अभावाचे लक्षण नाही, तसे ते ढोंगाचेही नाही. काही माणसांना आपले काम कधीच पुरेसे चांगले वाटत नाही, आणि पेस्ट्रीत अशी माणसे बरीच पुढे जातात.

प्रश्न : आमच्या गोव्याशी नाते सांगणारी क्रिस्टेल परेरा २०२१ मध्ये अंतिम फेरीपर्यंत पोहोचली होती. तिच्या चवींचे इतके कौतुक होऊनही ती का जिंकली नाही?
— एक वाचिका, मडगाव

उत्तर : कच्च्या राहिलेल्या एका फोकाचा पावामुळे. त्या वर्षी अंतिम फेरीत क्रिस्टेल, लेस्टरकडचा चिग्ज परमार आणि इटलीहून ब्रिटनमध्ये स्थायिक झालेला अभियंता जुझेप्पे डेल्लान्नो असे तिघे होते. ‘शोस्टॉपर’ फेरीत चहापानाचा मोठा थाट मांडायचा होता आणि त्यात एकापेक्षा जास्त प्रकारचे पदार्थ हवे होते. क्रिस्टेलच्या मांडणीत चवी भरपूर होत्या, त्यातच तिने इटालियन फोकाचा पाव ठेवला आणि तो आतून भाजलाच गेला नव्हता. कापल्यावर कच्चे पीठ दिसले आणि तिच्या चेहऱ्यावरून कळले की, तिलाही निकाल समजला.

तिच्या बाजूने मला एक सांगावेसे वाटते. तिच्या हातात मसाल्यांची जाण होती आणि ती जाण गोव्याच्या घरातून आलेली होती. दालचिनी कुठे थांबवायची हे तिला कोणी तंबूत शिकवलेले नव्हते. परंतु या स्पर्धेत चव ही कच्चेपणाची भरपाई करू शकत नाही. जुझेप्पेच्या कामात चमक तिच्याइतकी नसेल, पण त्याचे सगळे भाजलेले होते. त्याआधीच्या आठवड्यात, उपान्त्य फेरीत, युर्गेन क्राउस हा पहिल्या आठवड्यापासून आघाडीवर असलेला स्पर्धक बाद झाला, तेव्हाही असाच गहजब झाला होता. मागची पुण्याई इथे फारशी कामाला येत नाही. सगळे त्या दोन दिवसांवर ठरते.

चिग्जबद्दल एक ओळ लिहिल्यावाचून राहवत नाही : हा गृहस्थ २०२० च्या टाळेबंदीत भाजकाम शिकला होता. जेमतेम वर्षभराच्या सरावावर अंतिम फेरीपर्यंत जाणे याला कौशल्य म्हणावे की धाडस, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

प्रश्न : व्यावसायिक शेफची अशीच एक स्पर्धा आहे. तिच्यातले पदार्थ कितीतरी सुबक असतात, तरी ती पाहताना कंटाळा येतो. असे का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : ती ‘बेक ऑफ : द प्रोफेशनल्स’. २०१६ मध्ये वेगळ्या नावाने बीबीसी टूवर सुरू झाली आणि २०१८ मध्ये चॅनल फोरवर गेली. शेरीश फिन्डेन आणि बेनुआ ब्लँ हे तिचे परीक्षक. तिथले साखरकाम आणि चॉकलेटचे मनोरे पाहून मी थक्क होते, आणि पुढच्या भागापर्यंत ते कोणी केले होते ते विसरते. व्यावसायिकांना चूक लपवता येते. ते त्यांच्या शिक्षणाचाच भाग आहे. हौशी माणसाची चूक मात्र आपल्याला डोळ्यांदेखत घडताना दिसते, ती कोणत्या क्षणी झाली हे आपल्यालाही कळते, आणि आपण घरी बसून ‘अरे, काढू नकोस बाहेर’ असे ओरडतो. ते ओरडणे प्रोफेशनल्समध्ये होत नाही. पण शिकण्यासाठी म्हणून पाहायची असेल तर आपण तीच पाहावी. आवाज बंद करून, फक्त हातांकडे लक्ष ठेवून.

प्रश्न : मला या स्पर्धेत भाग घेता येईल का? मी घरगुती केकच्या ऑर्डर घेते.
— एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : मूळ स्पर्धा ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी आणि हौशी लोकांसाठी आहे, तेव्हा डोंबिवलीहून ते शक्य नाही. मुंबईत फॅशनच्या क्षेत्रात काम केलेल्या चेतना माकन २०१४ च्या उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचल्या होत्या, पण त्या ब्रिटनमध्ये स्थायिक झाल्यानंतर. तुम्हाला स्वतःला आजमावून पाहायचे असेल तर घरच्या कोणाला तरी एखाद्या अनोळखी पदार्थाची कृती निवडायला सांगा. त्यांनी तिच्यातल्या भाजण्याच्या वेळा आणि तापमान खोडून ती तुमच्या हाती द्यावी आणि समोर घड्याळ लावावे. पदार्थ कसा झाला ते लिहून कळवा.